वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावूनही ट्रक मागून बसतो, ट्रेलर शेपूट हलवतो: दोष कुठे शोधायचा

ट्रेलर नवा, हिच (ट्रेलर ट्रकला जोडणारा आणि त्याचा भार वाटून देणारा सांधा) नवी, डीलरने स्वतः बसवून दिलेली. तरी हायवेला लागलं की ट्रकचं नाक वर, बूड खाली. समोरचे लोक हेडलाइट डोळ्यांवर आले म्हणून डिपर मारतात, स्टिअरिंग हलकं लागतं, आणि शेजारून मोठा सेमी (मालवाहू ट्रक) गेला की ट्रेलर आधी बाहेर ढकलला जातो, मग आत ओढला जातो. अमेरिका-कॅनडात एफ-१५०, सिल्व्हराडो १५०० किंवा रॅम १५०० अशा हाफ-टन (हलक्या वर्गातल्या) पिकअपने २५-३० फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, ओढणाऱ्या मराठी कुटुंबांकडून ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. बहुतेक जण लगेच दुसऱ्या ब्रँडची हिच शोधायला लागतात. थोडं थांबा. दोष बहुधा दोन ठिकाणी सापडतो: हिच चुकीच्या आकड्यावरून निवडलेली असते, किंवा बसवताना हेडचा (हिचच्या बॉल धरणाऱ्या भागाचा) कल आणि बारचा (तिच्या स्प्रिंगच्या दांड्यांचा) ताण मोजलेलाच नसतो. क्वचित तिसरी गोष्ट निघते, ती म्हणजे ट्रेलरच चुकीचा भरलेला असतो. तो दोष कोणतीही हिच पुसत नाही.

हिच नेमकं काय करते

चढावर उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर पुढची चाकं उचलतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं समजवायला नको. मागच्या ॲक्सलच्याही मागे भार पडला की मागचा ॲक्सल टेकू होतो आणि पुढचा भाग हलका पडतो. समजा ट्रकच्या दोन ॲक्सलमध्ये १४५ इंच अंतर आहे, बॉल (ज्यावर ट्रेलर टेकतो तो गोळा) मागच्या ॲक्सलच्या ५० इंच मागे आहे, आणि बॉलवर ९०० पौंड पडतात. मग पुढच्या ॲक्सलवरून सुमारे ३१० पौंड निघून जातात आणि मागच्यावर ९०० नव्हे, सुमारे १,२१० पौंड वाढतात. स्टिअरिंग हलकं लागतं ते त्या ३१० पौंडांमुळे.

हिचचे दोन स्प्रिंग बार पहारीसारखे काम करतात. एक टोक हेडमध्ये अडकलेलं, दुसरं ट्रेलरच्या ए-फ्रेमवर (पुढच्या तिकोनी सांगाड्यावर) चेनने किंवा ब्रॅकेटने वर ओढून धरलेलं. ही पहार मागच्या ॲक्सलवरचा थोडा भार उचलते, त्यातला काही ट्रकच्या पुढच्या ॲक्सलवर टाकते आणि उरलेला ट्रेलरच्या चाकांवर.

एवढंच तिचं काम. ट्रकची क्षमता ती वाढवत नाही. दाराच्या चौकटीवर जो पेलोड (माणसं, सामान आणि ट्रेलरचा भार मिळून ट्रक किती वजन पेलू शकतो तो आकडा) छापलेला आहे, तो हिच लावल्यावरही तेवढाच राहतो. यावर वाद घालणारे भेटतात, पण दारावरचा आकडाच खरा धरायचा. मागच्या स्प्रिंगमध्ये हवेच्या बॅगा घालूनही हे काम होत नाही. बॅगा बूड वर उचलतात, गाडी दिसायला सरळ होते, पण पुढच्या ॲक्सलवरून गेलेला भार परत येत नाही. दिसायला सरळ आणि हाताला हलकी अशी गाडी जास्त धोक्याची, कारण चालकाला सगळं ठीक वाटत असतं.

चुकीचा आकडा कुठून येतो

माहितीपत्रकातून. तिथे 'हिच वेट' म्हणून छापलेला आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो. समजा तिथे ६२० पौंड लिहिलंय. आता पुढे टंगवर (ट्रेलरच्या जोडणीच्या टोकावर) बसतात ३० पौंडी प्रोपेनच्या दोन टाक्या. ३० हा नुसत्या गॅसचा आकडा, टाकीसकट भरलेली एक टाकी साधारण ५५ पौंडांची. दोन बॅटऱ्यांचे आणखी शंभरेक. पुढच्या आरपार कप्प्यात खुर्च्या, ग्रिल, पाण्याचे पाइप, ठोकळे. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे असली तर ४० गॅलन म्हणजे ३३० पौंडांहून जास्त, आणि त्यातला चांगला हिस्सा टंगवर. शिवाय आपल्या स्वयंपाकघरातलं सामान जड असतं: कणकेची २० पौंडी पिशवी, तांदूळ, डाळी, दोन कुकर, लोखंडी तवा. ६२० चे ९०० कधी झाले ते कळत नाही.

त्यातून मग ६०० पौंडी बारची हिच घेतली जाते. चेन कितीही कड्यांनी आवळा, बार धनुष्यासारखे वाकतात पण ट्रकचं नाक खाली येत नाही.

बारचा आकडा निवडताना हिशेब असा करायचा: भरलेल्या ट्रेलरचं टंग वेट (बॉलवर पडणारा भार), अधिक ट्रकच्या हौद्यात मागच्या ॲक्सलच्या मागे ठेवलेलं सामान. हा दुसरा भाग हमखास विसरला जातो. टेलगेटला टेकवून ठेवलेला जनरेटर आणि भरलेला कूलर मिळून दीडशे पौंड सहज होतात, आणि तेही त्याच तरफेवर बसतात. टंग वेट ८२० आणि मागचं सामान १५० असेल तर १,००० पौंडी बार घ्या. ८०० चे कमी पडतील. पण 'जास्त असलेलं बरं' म्हणून १,४०० चे घेऊ नका. गरजेपेक्षा फार ताठ बार रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर धक्का थेट ए-फ्रेममध्ये उतरवतात, ट्रक-ट्रेलर घोड्यासारखे वर-खाली उसळतात, आणि हलक्या बांधणीच्या ट्रेलरची फ्रेम त्यात झिजते.

दुकानात जाण्याआधी रिसीव्हरखालचं (ट्रकच्या मागे हिच बसवायच्या चौकोनी नळीखालचं) स्टिकर वाचा. त्यावर दोन जोड्या असतात: वेट कॅरिंग आणि वेट डिस्ट्रिब्युटिंग. पुष्कळ रिसीव्हरना नुसत्या बॉलवर ५०० पौंड टंग वेटच चालतं आणि डिस्ट्रिब्युशन हिच असेल तरच १,०००. रिसीव्हर, बॉल, हेड, बार आणि ट्रेलरचा कपलर (बॉलवर बसणारा भाग) या पाचांमध्ये सगळ्यात कमी आकडा ज्याचा, ती तुमची मर्यादा. गाडीचं मॅन्युअलही उघडा. काही मोनोकॉक बांधणीच्या (वेगळी चौकट नसलेल्या) एसयूव्हींमध्ये अशी हिच लावायला कंपनीने सरळ मनाई केलेली असते.

पेलोडचा हिशेब कागदावर मांडा. स्टिकरवर १,५०० पौंड असेल तर त्यातून ९०० टंग वेट, ९० हिचचं स्वतःचं वजन. उरले ५१०. आई, वडील आणि दोन लहान मुलं ३६० धरली तर हातात राहतात १५०. मघाचे जनरेटर आणि कूलर हौद्यात चढले की संपले. तेच सामान ट्रेलरमध्ये, ॲक्सलच्या वर ठेवलं तर ट्रकवर त्याचा फारसा भार येत नाही.

काट्यावर जा, अंदाज सोडा

पायलट, फ्लाइंग जे, लव्ह्ज अशा ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. त्याचे फलाट वेगवेगळे मोजतात: ट्रकचा पुढचा ॲक्सल पहिल्यावर, मागचा दुसऱ्यावर, ट्रेलरची चाकं तिसऱ्यावर. सहलीला निघताना जसं भरता तसं सगळं भरा, डिझेल-पेट्रोल पूर्ण, माणसं आत. तीन वेळा वजन करा: बार ताणलेले असताना, बार सोडून, आणि ट्रेलर बाजूला उभा करून नुसता ट्रक, हिच रिसीव्हरमध्ये तशीच ठेवून. त्याच काट्यावर २४ तासांच्या आत पुन्हा वजन केलं तर दर कमी लागतो.

असे आकडे आले असं समजा. नुसता ट्रक: पुढे ३,२४०, मागे २,७६०, एकूण ६,०००. ट्रेलर जोडून, बार सोडून: पुढे २,९२०, मागे ३,९८०, ट्रेलरची चाकं ६,३००. बार ताणून: पुढे ३,०८०, मागे ३,७४०, ट्रेलर ६,३८०.

आता वाचा. बार सुटे असताना ट्रकचे दोन ॲक्सल मिळून ६,९००. त्यातून ६,००० गेले की टंग वेट ९००. ट्रेलरचं पूर्ण वजन ६,३०० अधिक ९००, म्हणजे ७,२००. नऊशे हे त्याचे साडेबारा टक्के. ट्रॅव्हल ट्रेलरला टंग वेट १० ते १५ टक्क्यांत हवं, त्यामुळे हे उत्तम. पुढच्या ॲक्सलने ३२० पौंड गमावले होते, बार ताणल्यावर १६० परत आले. म्हणजे निम्मे. मागच्या ॲक्सलची मर्यादा ३,८०० असेल तर बारशिवाय ती ओलांडली जात होती, बारसह आत आली. ट्रकची एकूण मर्यादा ७,०५० असेल तर ६,८२० वर तोही आत आहे. तीन चिठ्ठ्यांमध्ये एवढं कळतं. म्हणून डीलरच्या 'बसवून दिलंय, काळजी नको' यापेक्षा या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवा.

पुढचा भार किती परत आणायचा, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढण्याच्या प्रकरणात दिलेलं असतं. कुठे निम्मा, कुठे पूर्ण. गमावला त्यापेक्षा जास्त मात्र कधीच आणू नये. पुढचा ॲक्सल मूळ वजनापेक्षा जड झाला म्हणजे मागची चाकं गरजेपेक्षा हलकी झाली, आणि ओल्या वळणावर ब्रेक दाबताच मागचा भाग बाजूला सरकू शकतो.

बसवताना मोजमाप

काटा जवळ नसेल तर टेप घ्या. सपाट जागा हवी. घरासमोरचा उताराचा ड्राइव्हवे चालत नाही. एअर सस्पेन्शन असेल तर मॅन्युअलप्रमाणे आपोआप पातळी साधणं बंद करा, नाहीतर गाडी स्वतःच उंची सुधारत राहील आणि माप खोटं येईल. पुढच्या चाकाच्या मध्यातून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत जमिनीपासून उंची घ्या. ट्रेलरशिवाय समजा ३६ इंच. ट्रेलर जोडला, बार नाहीत: ३७. निम्मा भार परत आणायचा असेल तर बार ताणल्यावर ३६½ यायला हवेत. मागची उंची कितीही खाली दिसली तरी तिच्यामागे लागू नका. भार वाढलाय तर मागचा भाग थोडा खाली जाणारच.

त्याआधी बॉलची उंची. ट्रेलर जमिनीला समांतर करून कपलरची उंची मोजा. बॉल तिच्याहून साधारण इंचभर वर ठेवून सुरुवात करा, कारण भार आला की तो दबणार आहे. शेवटी ट्रेलर सपाट किंवा पुढून किंचित खाली हवा. नाक वर करून चालणारा ट्रेलर झोले खातोच, शिवाय दोन ॲक्सल असतील तर मागच्या टायरांवर जादा भार जातो. शँकला (हिचच्या रिसीव्हरमध्ये जाणाऱ्या दांड्याला) एकावर एक भोकं असतात, एका भोकाने सव्वा इंचाच्या आसपास फरक पडतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: हेडचा कल. बारचा ताण फक्त चेनच्या कड्या कमी करून वाढवायचा असा समज आहे. खरा ताण हेड मागे, ट्रेलरकडे किती झुकलंय यावर ठरतो. इक्वलायझरसारख्या हिचमध्ये हेड आणि शँकच्या मधल्या पिनवर वॉशर असतात. एक वॉशर वाढवला की हेड आणखी मागे झुकतं, बारची टोकं खाली येतात, आणि ती वर ब्रॅकेटवर चढवताना जास्त जोर बसतो. एकेक वॉशर घालून पुन्हा मोजा. चेनच्या हिचमध्ये किती कड्या ताणाखाली राहायला हव्यात ते सूचनापत्रात असतं, बऱ्याच ठिकाणी किमान पाच. त्याहून कमी कड्यांवर आवळलं तर घट्ट वळणावर चेनला फिरायला जागा उरत नाही आणि ती ब्रॅकेटसकट ओढली जाते. कड्या कमी कराव्या लागत असतील तर तो हेडला कल कमी असल्याचा निरोप समजा. सगळं जमल्यावर बाजूने बघा: ताणलेले बार ट्रेलरच्या फ्रेमला जवळपास समांतर दिसले पाहिजेत.

बॉलचा नट हाताच्या पान्याने 'घट्ट' करून चालत नाही. १ इंची शँकच्या (बॉलखालच्या खिळीच्या) बॉलला साधारण २५० फूट-पौंड आणि सव्वा इंचीला ४५० च्या आसपास टॉर्क लागतो. घरातला अर्ध्या इंची ड्राइव्हचा टॉर्क रेंच बहुधा २५० पर्यंतच जातो. पाऊण इंची ड्राइव्हचा भाड्याने आणा, किंवा ट्रकवाल्यांच्या वर्कशॉपमध्ये करून घ्या. ढिला नट बाहेरून दिसत नाही. पहिल्यांदा 'टक' असा आवाज येतो, ब्रेक मारताना आणि सुटताना. तोच आवाज कपलरच्या आतल्या ॲडजस्टिंग नटमुळे किंवा रिसीव्हरमधल्या ढिलेपणामुळेही येतो, म्हणून तिन्ही तपासा. ब्रॅकेटचे बोल्ट पहिल्या सहलीनंतर पुन्हा आवळा.

बूड बसत नाही, तरी ट्रेलर डोलतोच

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. सेमी शेजारून जाताना एकदा ढकललं आणि ओढलं, मग शांत झालं, तर तो हवेचा धक्का आहे. वायोमिंगमध्ये आय-८० वर लॅरमी ते रॉलिन्स या पट्ट्यात वारा असा असतो की उंच हलक्या वाहनांना रस्ताच बंद करतात. तिथे कुठलाही ट्रेलर हलतो. पण धक्का संपल्यावरही झोले चालू राहतात, किंवा प्रत्येक झोला आधीच्यापेक्षा मोठा होतो, तो मात्र आजार आहे.

बैलगाडी हाकणारी माणसं याला नेमके शब्द वापरायची: गाडी उलाळ झाली म्हणजे मागे जड, धुरजड झाली म्हणजे पुढे जड. उलाळ ट्रेलर झोले खातो. टंग वेट १० टक्क्यांच्या खाली गेलं की पहिला संशय इथे घ्या: मागच्या बंपरवर लावलेलं सायकलचं स्टँड, मागच्या बंकवर टाकलेलं सामान, ॲक्सलच्या मागे असलेल्या सांडपाण्याच्या भरलेल्या टाक्या. सहलीला निघताना सगळं बरोबर होतं आणि परतताना डोलायला लागला, तर बहुधा पुढची पाण्याची टाकी रिकामी झाली आणि मागच्या सांडपाण्याच्या भरल्या. टाक्या रिकाम्या करून निघा. जड वस्तू ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत ठेवा.

मग टायर. ट्रेलरच्या एसटी टायरमध्ये थंड असताना साइडवॉलवर लिहिलेला पूर्ण दाब हवा, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) डी असेल तर बहुधा ६५ पीएसआय, ई असेल तर ८०. ट्रकला मऊ साइडवॉलचे प्रवासी टायर असतील तर मागचा भाग टायरवरच डुलतो. एलटी (हलक्या ट्रकचे, ताठ) टायर घातल्यावर ही तक्रार पुष्कळदा निम्म्यावर येते. वेगही बघा. पुष्कळ एसटी टायरांची मर्यादा ताशी ६५ मैल आहे, आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५ आहे.

एवढं करून मगच स्वे कंट्रोलच्या (झोले रोखणाऱ्या साधनाच्या) प्रकाराकडे या. एका बाजूला लावायचा साधा फ्रिक्शन बार छोट्या ट्रेलरला पुरतो, पण घट्ट वळणात मागे घेताना तो काढावा लागतो, नाहीतर वाकतो; आणि निसरड्या रस्त्यावर, बर्फात, खडीवर त्याचं हँडल सैल करायला उत्पादकच सांगतात. २५ फुटांच्या पुढच्या ट्रेलरला हिचमध्येच घर्षण असलेली रचना बरी, जिथे बार ब्रॅकेटवर घासून ट्रेलरला वळायला विरोध करतात. ती वळताना करकरते. तो दोष नाही, म्हणून सगळीकडे ग्रीस फासू नका. बॉलवर आणि सूचनापत्रात सांगितलेल्या सांध्यांत ग्रीस चालतं, घर्षणाच्या जागी लावलं तर झोले रोखणारी गोष्टच तुम्ही काढून टाकलीत. हेन्सली किंवा प्रोप्राइड या कंपन्यांच्या हिचमध्ये जोडकामामुळे ट्रेलर बॉलवरून झुलूच शकत नाही. त्या हजारो डॉलरच्या आणि वजनाला जड, म्हणजे पेलोडमधून आणखी वजा. लांब ट्रेलर, छोटा व्हीलबेस (ट्रकच्या दोन ॲक्सलमधलं अंतर) आणि वर्षाला हजारो मैल असतील तर त्या घ्याव्यात. उलाळ ट्रेलर सरळ करायला म्हणून घेऊ नयेत.

चालता चालता झोले सुरू झाले तर ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. ट्रक हळू होतो, ट्रेलर मागून ढकलतो आणि झोला वाढतो. स्टिअरिंग सरळ धरा, उलट फिरवून सावरायला जाऊ नका, ॲक्सिलरेटर हळूच सोडा, आणि ब्रेक कंट्रोलरचा (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राचा) हाताचा लिव्हर दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. तो लिव्हर कुठे आहे हे निघण्याआधी हाताला माहीत असू द्या, आणि गाडी दोघं चालवत असाल तर दोघांच्याही. २० मैल वेगाने रिकाम्या पार्किंगमध्ये एकदा दाबून ट्रेलर मागून ओढतोय का ते पाहा.

बार काढताना आणि चढवताना: कपलर बॉलवर लॅच असताना टंग जॅकने पुढचा भाग तीन-चार इंच वर घ्या, म्हणजे ट्रकचं बूडही वर येतं आणि बारवरचा ताण जवळजवळ संपतो. मग चेन ओढायचा-सोडायचा दांडा हाताने सहज फिरतो. जोर लावावा लागत असेल तर जॅक आणखी वर घ्या. दांड्याच्या झोक्याच्या रेषेत तोंड, गुडघा किंवा शेजारी उभं असलेलं मूल असता कामा नये. ताणलेली चेन सुटली की तो दांडा डोळ्याची पापणी लवायच्या आत उलटा येतो.